ब्रेकाचे गंजलेले भाग सोडवितांना घ्यावयाची खबरदारी

पावसाळा सरून गाळपाचा हंगाम जवळ आला, म्हणजे आमच्या पारगांवच्या शिवारांत गोठ्याच्या आडोशास चार महिने उभीं असलेलीं वाहनें बाहेर निघूं लागतात. दत्तात्रयनगर येथील भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर, नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटो नेणाऱ्या पिकअप गाड्या, माळशेज घाट उतरून कल्याणकडे भाजी पोंचविणारे टेंपो, या सर्वांच्या चाकांत पावसाळ्याची ओल मुरलेली असते. इंजिन चालू झालें कीं गाडी दुरुस्त आहे, असा आपला समज. परंतु गाडी थांबविणारें जें अंग, तेंच चिखलपाण्याच्या सर्वांत जवळ असल्यामुळें सर्वांच्या आधीं गंजतें. मिस्त्री वेळेवर मिळत नाहीं, माल तर थांबत नाहीं. मग घरचा मालक स्वतःच पाना हातीं घेतो. त्यानें तो घेऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. मात्र नांगराचा नट सोडविण्याची जी रीत आपल्या हातांत बसलेली आहे, तीच ब्रेकास लावल्यास काय ओढवतें, हें मीं स्वतः भोगलेलें असल्यामुळें तें येथें सविस्तर मांडतों.

आपल्या पणजोबांच्या औतांत नट नव्हताच. लांकडी नांगराचे भाग पाचरीनें आवळलेले असत व सुताराच्या दोन ठोक्यांनीं ते मोकळे होत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास लोखंडी नांगर तयार केले, पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, आणि अशा लोखंडी अवजारांबरोबर नट-बोल्ट शेतकऱ्याच्या घरांत आले. त्यांच्यामागून गंजहि आला. त्यावर घरोघरीं एकच तोड ठरली: रॉकेल घालावें, रात्रभर मुरूं द्यावें, सकाळीं ठोकून पाना लावावा. नांगरापुरती ही रीत अगदीं बरोबर आहे.

नट कां अडकतो हें प्रथम समजून घ्यावें. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो आणि हा गंज मूळच्या लोखंडापेक्षां दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नटाचे व बोल्टाचे आटे यांमध्यें केंसाएवढीहि फट नसते. त्या फटींत गंज फुगला, म्हणजे तो आंतून पाचर मारल्यासारखाच होय. खतांच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीस हा रोग लवकर जडतो. म्युरिएट ऑफ पोटॅश हें खत म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार; त्याची भुकटी चाकाच्या खोबणींत बसून ओलावली कीं लोखंड झपाट्यानें खातें. शेणामुताच्या ओलीचाहि तोच गुण. म्हणून खत वाहिल्यावर गाडी खालून धुवावी. आपण हौदा धुतों आणि चाकें तशींच ठेवतों.

अडकलेला भाग सोडविण्याचे उपाय जगभर चारच आहेत: तेल, वेळ, ठोका आणि आंच. आंचेचें तत्त्व आपल्या लोहारास पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना तो ती भट्टींत लाल करतो. तापून मोठी झालेली धाव लांकडी चाकावर सहज बसते आणि पाणी ओततांच आकसून चाकास गच्च धरते. येथें तेंच उलट करावयाचें असतें. लोखंडाची उष्णता १०० अंशांनीं वाढविली, तर १ मीटर लांबीमागें सुमारें १.२ मिलिमीटर वाढ होते. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचें भोंक ०.१२ मिलिमीटर मोठें होईल. साध्या कागदाच्या जाडीएवढेंच, पण गंजाची पकड मोडण्यास तेवढें पुरतें. आंच बाहेरच्या भागास द्यावी, आंतील बोल्टास देऊं नये, हें मात्र विसरूं नये. बोल्ट तापला तर तोच फुगून अधिक घट्ट बसतो. नांगराच्या किंवा मोघड्याच्या नटास आंच दिल्यावर मेणबत्तीचा तुकडा टेंकविला, तर पातळ झालेलें मेण आट्यांत ओढलें जातें आणि नट पुष्कळदां सुटतो. हा प्रयोग औतावर खुशाल करावा. ब्रेकाजवळ ज्योत नेऊं नये. तेथें रबर आहे, जळणारें तेल आहे, आणि शेजारीं टायर आहे.

आतां माझी हकीकत सांगतों. ही गोष्ट नोकरीच्या काळांतील, पंचवीसेक वर्षांपूर्वींची. मजजवळ एक जुनी जीप होती आणि सबंध पावसाळाभर ती गोठ्यालगत उभी राहिली. कार्तिकांत बाहेर काढूं गेलों, तर पुढचें डावें चाक हलेना. ड्रमच्या आंतील शू गंजानें ड्रमास चिकटले होते. मीं चाकाच्या नटास पाना लावला, सुटेना. गड्यास पान्याच्या दांड्यावर उभा केला, तेव्हां नट न सुटतां बोल्टच तुटला. मग ध्यानांत आलें कीं, नटाच्या तोंडावर इंग्रजी ‘एल्’ हें अक्षर कोरलेलें आहे. कांहीं जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, आणि हें अक्षर म्हणजे त्याचीच खूण. मी सोडवीत नव्हतों, आवळीत होतों! सात-बाऱ्यांतील बारीक अक्षर वाचण्यांत ज्याचे दिवस जात, त्यास हें ठळक अक्षर दिसूं नये, याची लाज अजून वाटते.

ती केवळ बोल्टाची हानि झाली. खरी चूक पुढेंच आहे. ड्रम निघाल्यावर दिसलें कीं, चाकांतील लहान सिलिंडरचे दट्टेहि गंजून अडकले आहेत. त्या काळीं रेशनचें रॉकेल घरोघर असे. मीं दट्टे व त्यांच्या रबरी वाट्या (मिस्त्री त्यांस कप म्हणतात) रॉकेलांत स्वच्छ धुतल्या, दट्टे सरकावे म्हणून इंजिनाचें तेल बोटानें लावलें, आणि सर्व जोडून टाकलें. काम सुबक झालें असें वाटलें. ब्रेकहि लागूं लागला.

तिसऱ्या दिवशीं आई व पुतण्या यांस घेऊन निघालों. वाटेंत जळका वास येत होता. मीं तो कोणाच्या तरी शेतांतील पाचट जळत असल्याचा समजलों. ओढ्याच्या उतारावर पेडल दाबलें, तें काहींएक न धरतां थेट तळाला गेलें. पुन्हां दाबलें, तरी तेंच. दैवानें जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या फिरत्या दांड्यावर असतो. तो ओढून व गिअर खालीं घेऊन गाडी मोरीच्या अलीकडे बांधाला घासत थांबली. कोणास इजा झाली नाहीं. आई खालीं उतरून एवढेंच म्हणाली, “अरे, आतां तरी मिस्त्रीला दाखव.”

असें कां झालें, याचा उलगडा पुढें एका जाणत्या मिस्त्रीनें केला. ब्रेक ऑईल नांवानें आपण जें घेतों, तें बहुधा खनिज तेल नव्हेच. तें वेगळ्याच जातीचें द्रव्य आहे, व ब्रेकाच्या वाट्यांचें रबर त्याच द्रव्यास मानवेल असें बनविलेलें असतें. रॉकेल, डिझेल, इंजिनाचें तेल व साधें ग्रीस हीं सर्व खनिज तेलाच्या कुळांतलीं. तीं लागतांच हें रबर फुगून मऊ पडतें. माझ्या वाट्या दोन दिवसांत फुगल्या. फुगल्यामुळें दट्टे मागें सरकेनात. दट्टे न सरकल्यामुळें शू ड्रमास घांसत राहिले. घांसून ड्रम तापला. जळका वास तोच होता. आतां ब्रेक ऑईलचा दुसरा गुण पाहा. तें हवेंतील पाणी शोषून घेतें. बाजारांत मिळणाऱ्या ‘डॉट ३’ जातीचें नवें तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळूं नये असें मानक आहे. परंतु त्यांत साडेतीन टक्क्यांहून थोडें अधिक पाणी मुरलें, म्हणजे तें मानक १४० अंशांवर उतरतें. माझ्या जीपमधील तेल किती वर्षांचें होतें कोण जाणे. तापलेल्या सिलिंडरांत तें उकळलें, त्याची वाफ झाली. द्रव दाबला तर दबत नाहीं, वाफ दबते. म्हणून पेडल वाफेवरच दबून तळाला गेलें. जुन्या जीपमध्यें चारहि चाकांस एकच तेलाची वाट असल्यानें एका चाकाचा दोष चौघांनीं भोगला. हल्लींच्या गाड्यांत त्या वाटा दोन असतात, तरी अर्धा ब्रेक गेला म्हणजे भरल्या गाडीचें काय होईल, हें माळशेज उतरणाऱ्यांस सांगणें नको.

म्हणून माझ्या समजुतीप्रमाणें ब्रेकाच्या भागांचे, आपल्या सात-बाऱ्याप्रमाणें, जिरायत, बागायत व पोटखराब असे तीन वर्ग पाडावे. चाकाचे नट, ड्रम व हब यांचा सांधा, पत्र्याचे स्क्रू हे जिरायत. येथें गंज सोडविणारें तेल चालेल, तेंहि थेंबानें. सिलिंडर, दट्टे, वाट्या, नळ्या हे बागायत. येथें नव्या ब्रेक ऑईलखेरीज किंवा स्वच्छ स्पिरिटाखेरीज कांहींहि जाऊं देऊं नये. आणि शूवरील लायनर, डिस्कवरील पॅड व ते ज्यास घांसतात तो गुळगुळीत पृष्ठभाग, येथें कसलेंच तेल पडतां कामा नये. लायनर एकदां तेल प्यालें कीं तें पुसून जात नाहीं, बदलावेंच लागतें.

फवाऱ्याच्या डब्यांविषयीं एक शब्द. डब्ल्यूडी-४० नांवाचें जें तेल आतां खेड्यांतहि मिळतें, तें १९५३ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें तयार झालें. मूळ हेतु गंज सोडविण्याचा नसून धातूवरील पाणी हटविण्याचा होता, व चाळिसाव्या प्रयत्नास साधलें म्हणून नांवांत ४० हा आंकडा आला. तें उपयोगी आहे, पण फवाऱ्यानें मारल्यास नको तेथें उडतें. चिंधीवर किंवा काडीवर घेऊन लावावें. आणि ब्रेक धुण्याचा कोणताहि फवारा मारून त्या जागीं आंच दाखवूं नये. कांहींतून अतिशय विषारी वायु निघतो.

काम आरंभतांना गाडी सपाट व कठीण जमिनीवर घ्यावी. नांगरलेल्या रानांत जॅक रुततो. जें चाक काढावयाचें त्याच्या विरुद्ध टोंकाच्या चाकांस पुढून व मागून दगड लावावे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच अर्धा फेरा ढिले करावे. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं लांकडी ओंडक्यांचा भक्कम आधार दिल्यावांचून हात घालूं नये. विटा किंवा पोकळ ठोकळे देऊं नयेत, ते भार आला कीं एकदम फुटतात.

एका वेळीं एकच चाक उघडावें. दुसरें जसेंच्या तसें ठेवलें, म्हणजे स्प्रिंग कोठली कोठें होती हें पाहावयास नमुना राहतो. काढलेल्या प्रत्येक भागावर खडूनें डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहावें. आमच्या जुन्नर-आंबेगांव भागांत पारगांवें एकाहून अधिक. दप्तरांत ‘तर्फे आळे’ कीं ‘तर्फे अवसरी बुद्रुक’ हें लिहिल्याशिवाय कागद भलत्याच गांवीं जाई. शूचेंहि तसेंच आहे. दिसण्यांत दोन्ही सारखे, पण पुष्कळ गाड्यांत पुढच्या व मागच्या शूचें लायनर कमीअधिक लांबीचें असतें. मोबाईलवर फोटो काढून ठेवणें तर याहून सोपें.

ड्रम निघत नसेल, तर आधीं हँडब्रेक सोडला आहे ना तें पाहावें. हें सांगण्यासारखें वाटत नाहीं, पण निम्म्या वेळां कारण तेंच असतें. नंतर मागच्या पत्र्यांतील भोंकांतून समायोजकाचा दांतेरी नट उलट फिरवून शू आंत घ्यावे. कारण जुन्या ड्रमच्या कडेस गंजाचा व झिजेचा कांठ तयार झालेला असतो आणि शू त्यांत अडकतात. मग हबभोंवतालच्या सांध्यांत व बोल्टांच्या मुळाशीं काडीनें दोन-दोन थेंब तेल सोडावें आणि रात्र जाऊं द्यावी. घाई करणारा येथेंच फसतो. सकाळीं हातोड्यानें ठोकावें, तें ड्रमच्या तोंडावर, हबजवळ, बोल्टांच्या मधल्या जागीं. एक ठोका येथें, दुसरा समोरच्या बाजूस, असें गोल फिरत. ठोक्याचा हेतु ड्रम बाहेर ढकलण्याचा नसून गंजाचा थर हादरवून फोडण्याचा आहे. कडेवर घण मारूं नये. ड्रम बिडाचा असतो. बीड वांकत नाहीं, तडकतें, आणि बारीक तडा धुळींत दिसत नाहीं. पुष्कळ ड्रमांस आट्यांचीं दोन भोंकें मुद्दाम ठेवलेलीं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून दोन्ही पाळीपाळीनें पाव-पाव फेरा आवळले, तर ड्रम आपोआप उचलला जातो. हीं भोंकें मातीनें बुजलेलीं असल्यामुळें लोकांस ठाऊकच नसतात.

आंतील काळी भुकटी तोंडानें किंवा हवेनें फुंकूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या चिंधीनें टिपून चिंधी पुरून टाकावी.

सर्वांत नाजूक वस्तु म्हणजे तेलांतील हवा काढण्याचें निपल. तें पोकळ असतें, म्हणून जोर लावतांच मुळाशीं मोडतें व पांच रुपयांच्या मालापायीं सबंध सिलिंडर बदलावा लागतो. उघड्या तोंडाचा पाना वापरूं नये, त्यानें कोपरे मरतात. सहा बाजू धरणारा बंद पाना घ्यावा. आटे तारेच्या ब्रशानें स्वच्छ करून, बाहेरून थेंबभर तेल देऊन, रात्रभर ठेवावें. हलके ठोके द्यावे. आणि सोडविण्यापूर्वीं किंचित् आवळून पाहावें. हें उलटें वाटेल, पण आवळतांना गंजाची पकड मोडते. कटकन आवाज आला कीं सोडवीत न्यावें. पुन्हां जड लागलें तर परत आवळून, मग सोडवावें. मागेंपुढें करीत न्यावयाचें, एका दमांत नव्हे. तरीहि न हललें, तर तें सोडून द्यावें व गाडी मिस्त्रीकडे न्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. निपल सुटल्यावर रबरी टोपी घालावयास विसरूं नये. ती नसल्यामुळेंच तें गंजलेलें असतें.

दट्ट्यावर व सिलिंडरच्या आंतील भिंतीवर नखास लागतील असे खड्डे पडले असतील, तर घांसून उपयोग नाहीं, नवा भाग घालावा. वाट्या एकदां काढल्या कीं नव्याच घालाव्या. त्यांची किंमत एका टोमॅटोच्या क्रेटाहूनहि कमी असते. डिस्कच्या ब्रेकांत बहुधा दट्ट्या अडकत नाहीं, कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या अडकतात. त्या काढून, पुसून, रबरास चालणारें सिलिकोनचें ग्रीस लावलें कीं काम झालें. तेथें नेहमींचें पिवळें ग्रीस लावल्यास माझ्या जीपचीच कथा पुन्हां घडेल.

ट्रॅक्टरवाल्यांनीं एक गोष्ट अधिक पाहावी. शेतांत वळण्यासाठीं डावा व उजवा असे दोन ब्रेक निरनिराळे असतात व रस्त्यावर ते कडीनें एकत्र जोडावयाचे असतात. चार महिन्यांच्या ओलीनें एक बाजू अडकलेली असली, तर उसानें भरलेली ट्रॉली मागून रेटीत असतांना ट्रॅक्टर एकदम एका अंगास खेंचला जातो. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचा ब्रेक नसतो. सर्व भार ह्या दोन चाकांवर येतो. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलांत बुडालेले असतात ते घरीं उघडूं नयेत, आणि त्यांत कोणतें तेल लागतें हें त्याच्या पुस्तकांत पाहावें. कांहींत खनिज तेलच लागतें व तेथें बाजारी ब्रेक ऑईल घातल्यास तेंहि तितकेंच बाधतें.

जोडतांना हबच्या तोंडास तांब्याची भुकटी असलेल्या ग्रीसचा पातळ हात द्यावा; पुढच्या वेळीं ड्रम सहज निघेल. चाकाच्या नटांस मात्र तेल लावूं नये, ते ठरल्याहून अधिक आवळले जाऊन बोल्ट ताणला जातो. नट समोरासमोरचे असे पाळीनें आवळावे. नवें ब्रेक ऑईल बंद डब्यांतलेंच घ्यावें. गेल्या वर्षीं उघडून ठेवलेला डबा पाणी पिऊन बसलेला असतो. गाडींतील सर्व तेल दोन वर्षांनीं बदलावें. पावसाळ्यांत गाडी दीर्घकाळ उभी करावयाची असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवूं नये. सपाट जागीं, गिअरमध्यें टाकून, चाकांस दगड लावावे, आणि महिन्यांतून दोनदां चार हात पुढेंमागें करावी.

पहिली परीक्षा रिकाम्या गाडीनें, सपाट व निर्मनुष्य वाटेवर, बैलाच्या चालीनें करावी. पेडल कठीण लागलें पाहिजे. दाबून धरल्यावर खालीं उतरूं लागलें, तर कोठेंतरी गळती आहे. दोनतीन किलोमीटर ब्रेक न लावतां चालवून उतरावें आणि प्रत्येक चाकाजवळ हाताचा पालथा पंजा न्यावा. एक चाक इतरांहून गरम लागलें, तर तेथें शू अजून घांसत आहे. तें पुन्हां उघडावें. सर्व सारखीं असतील, तर माल भरावा, आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट एकदां परत आवळून पाहावे.